एम.टेक.नंतर पीएच.डी.: अर्ज भरण्याआधी घरात बोलायच्या गोष्टी

“एम.टेक. झालं ना, आता नोकरी बघ. अजून किती शिकणार?” हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत विचारला जातो. मुलगी असेल तर त्याला लग्नाचा विषयही जोडला जातो. अम्मी-अब्बांची काळजी समजण्यासारखी आहे. पण पीएच.डी. म्हणजे आणखी चार-पाच वर्षांचा खर्च, हा समज इंजिनिअरिंगच्या बाबतीत खरा नाही.

पैशाचं काय?

आयआयटीमध्ये पूर्णवेळ पीएच.डी.ला असिस्टंटशिपवर निवड झाली की पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात. त्या बदल्यात आठवड्याला साधारण ८ तास प्रयोगशाळेत किंवा वर्गात मदत करायची असते. फी आणि मेस यातून भागते.

मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. ते नुकसान मोठं आहेच. पण त्यामुळे दारच बंद झालं, असं समजून अर्ज न करणं हे त्याहून मोठं नुकसान. संस्थेची असिस्टंटशिप त्या योजनेवर अवलंबून नव्हती आणि आजही नाही.

निवड कशावर होते?

आयआयटीत बहुतेक विभाग वर्षातून दोनदा प्रवेश देतात. अर्जांची छाननी, मग लेखी परीक्षा किंवा मुलाखत, कधी दोन्ही. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो. काही विभाग एम.टेक. झालेल्यांना गेटची अट घालत नाहीत, म्हणून त्या विभागाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मुलाखतीत मार्कशीटवर फार वेळ जात नाही. तुमच्या एम.टेक. प्रबंधावर प्रश्न येतात. हीच पद्धत का निवडली? निकाल चुकीचा असता तर कसं कळलं असतं? त्यानंतर पदवीच्या दोन-तीन विषयांचा पाया तपासतात. फळ्यावर साधं गणित करायला सांगतात आणि तिथेच अनेकजण अडखळतात. उत्तर येत नसेल तर “माहीत नाही, पण असा विचार करून बघतो” असं म्हणायला लाजू नका. विचार करण्याची पद्धतच ते पाहत असतात.

अर्जाआधी त्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा. सगळ्यांना एकच ईमेल पाठवू नका. कोणता निबंध वाचला आणि आपलं काम त्याच्याशी कुठे जुळतं, एवढं पाच-सहा ओळींत लिहा.

सर्टिफिकेटची घाई

इथे आपली मुलं हमखास मार खातात. आयआयटी केंद्राची संस्था आहे, त्यामुळे राज्याच्या ओबीसी यादीत जात असून भागत नाही. ती केंद्राच्या यादीतही हवी. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि जाहिरातीत मागितलेल्या मुदतीतलंच लागतं. जे कोणत्याही आरक्षणात नाहीत आणि ज्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी आहे, त्यांनी मालमत्तेच्या अटी बघून ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावण्यापेक्षा ही कामं आधीच करून ठेवा.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.ला निवड झालेल्यांना बहुधा फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत आदल्या डिसेंबरमध्ये संपते. साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. “विद्यार्थी मेहनती व गुणी आहे” एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचं काम जवळून पाहिलंय, त्यांनाच विचारा आणि निदान महिनाभर आधी विचारा. प्रत्येक अर्जाला फी असते. ती माफ करण्याची सोय अनेक ठिकाणी आहे, पण ती आपण मागावी लागते.

पहिल्या वर्षी नकार आला तर तो नशिबाचा फैसला समजू नका. प्रबंधातून एक निबंध प्रसिद्ध करा, एखाद्या प्रकल्पात वर्षभर काम करा आणि पुन्हा अर्ज करा. आणि पालकहो, पोराला किंवा पोरीला ते एक वर्ष द्या. यात घरच्यांकडून लागणारी सर्वात मोठी मदत पैशाची नाही, वेळेची आहे.