फडाच्या बाजूने: दादा कोंडके आणि ‘सोंगाड्या’

तमाशावरचे मराठी चित्रपट आठवू लागलो की आधी शोकांतिकाच डोळ्यांपुढे येतात. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये सुमारे अडीच वर्षे चालला. त्याच्या कथेच्या मुळाशी अत्याचार आणि सूड आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) आदर्श मास्तर फडाच्या नादी लागतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. २०१० च्या ‘नटरंग’मध्ये पहिलवानकी करणारा गुणा नाच्या होतो आणि घर, मान, सगळे गमावतो. कलावंतीण सुंदर, ढोलकी मोहक, पण तिकडे पाऊल टाकणाऱ्याचे वाटोळे ठरलेलेच, असा या परंपरेचा सांगावा आहे.

‘पिंजरा’च्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, ‘सोंगाड्या’ आला. त्यातही एक साधा माणूस तमाशाच्या नादी लागतो, घराबाहेर काढला जातो. फरक इतकाच की तो बिघडत नाही, तिथेच त्याचे बस्तान बसते. करमणुकीच्या धंद्याकडे पांढरपेशा ओसरीवरून न पाहता फडाच्या कनातीतून पाहणारा हा विनोदी चित्रपट. तो दादा कोंडक्यांच्या हातून झाला हा योगायोग नव्हता.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईच्या नायगावातला. मूळ गाव भोरकडचे इंगवली. नातेवाईक गिरणीत आणि आजूबाजूला सगळे गिरणगाव. चाळीतला दांडगट पोरगा, बँडमध्ये वाजवणारा, पुढे ‘अपना बाजार’मध्ये किराणा विकणारा, असा त्यांचा प्रवास. सेवादलाच्या कलापथकात निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे साथीदार भेटले आणि माणसे हसवण्याची कला तिथे घासून निघाली. पुढे त्यांनी स्वतःची पार्टी काढली. ‘खणखणपूरचा राजा’ हे त्या काळातले लोकनाट्य.

खरी झेप मात्र वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दिली. मूळचा ‘छपरी पलंगाचा वग’. कोतवालाची जागा रिकामी होते, आशेवर असलेल्या हवालदाराला डावलून प्रधानाचा मेव्हणा ती पटकावतो आणि हवालदार मैनावती या तरुणीला हाताशी धरून त्याला पुरता गोत्यात आणतो. गण, गवळण, बतावणी, वग ही जुनीच चौकट, पण बतावणीत त्या आठवड्याचे राजकारण येई. दादांचा हजरजबाबीपणा असा की लिहिलेले वाक्य कुठे संपले आणि जागेवर सुचलेले कुठे सुरू झाले, हे कळू नये. प्रयोग दीड हजारांवर गेले. प्रयोगाला येणाऱ्यांत आशा भोसले होत्या. त्यांनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इतक्या सुरुवातीनंतर कुणीही आणखी दोन-चार निर्मात्यांची दारे ठोठावली असती. दादांनी दुसऱ्याच चित्रपटासाठी स्वतः निर्माता व्हायचे ठरवले. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे, संगीत राम कदमांचे. सोबत उषा चव्हाण, निळू फुले, गणपत पाटील, संपत निकम आणि आईच्या भूमिकेत रत्नमाला. बरीचशी मंडळी रंगमंचाचीच वा तमाशापटांची मुरलेली होती.

‘सोंगाड्या’तला नाम्या भाबडा आहे. हाफपँट, लोंबणारी नाडी, संकटात पडला की ‘आये!’ म्हणून मारलेली हाक. आईचा धाक कडक. तमाशा पाहिल्याचे कळताच ती त्याला घराबाहेर काढते आणि आसरा देते ती कलावती, फडावर नाचणारी. ‘पिंजरा’तल्या मास्तरची जी अधोगती, ती नाम्याची उमेदवारी ठरते. त्याचे भाबडेपण फडावर चालते, किंबहुना सोंगाड्याला तेच भांडवल लागते. मास्तरकडे गमावण्यासारखी प्रतिष्ठा होती, नाम्याकडे ती नव्हतीच. म्हणून एकाच वाटेवर एकाची शोकांतिका होते आणि दुसऱ्याचा विनोद. तमाशा कुणाला ‘बुडवतो’ हे तमाशापेक्षा त्या माणसाच्या जातीपातीवर आणि पायरीवर ठरते, ही गोष्ट दादांनी भाषण न करता दाखवली.

याच्या शेजारी एक दूरचे उदाहरण ठेवून पाहावे. वेल्समधल्या मर्थर टिडफिल या लोखंड-कोळशाच्या जुन्या गावचा जॉनी ओवेन हा नट आणि लेखक. आधी बँडमध्ये रमलेला, मग दूरचित्रवाणीवर दिसलेला. त्याने ‘स्वेंगाली’ ही मालिका इंटरनेटवर केली आणि २०१३ मध्ये जॉन हार्डविकच्या दिग्दर्शनाखाली तिचा चित्रपट झाला. लेखन आणि प्रमुख भूमिका ओवेनचीच. त्यातला डिक्सी हा वेल्समधला पोस्टमन. एका बँडचा मॅनेजर होऊन त्याला नावारूपाला आणायचे, या वेडापायी तो लंडन गाठतो. ‘ओएसिस’ला करारबद्ध करणारा अ‍ॅलन मगी त्यात स्वतःच्याच भूमिकेत दिसतो. पुढे ओवेन नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि वेल्सच्या फुटबॉलवरच्या माहितीपटांकडे वळला.

कामगारवस्ती, बँड, अभिनय, लेखन, मग आपल्याच धंद्यावर विनोदी चित्रपट: दोघांची वाट चकित करण्याइतकी सारखी आहे. फरक दारांचा आहे. डिक्सीला हवे ते जग प्रतिष्ठित आहे आणि दार आतून बंद आहे. नाम्याच्या फडाला दारच नाही, नुसती कनात. मात्र तो आत शिरला की मागे घराचे दार बंद होते. लंडनच्या संगीतव्यवसायात बाहेरच्याला प्रवेश मिळवताना नाकीनऊ येतात. तमाशात प्रवेश सोपा, परत फिरणे अवघड. दोन्ही विनोदांचा पोत यामुळेच वेगळा आहे.

दादांच्या वाट्याला बंद दार आले ते मुंबईतच. दादरच्या कोहिनूरमध्ये ‘सोंगाड्या’ लागायचा, तर मालकाचा कल देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’कडे. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरसमोर उभे राहिले आणि ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. ही हकीकत बहुधा मराठी अस्मितेच्या खात्यात मांडली जाते. मला तिच्यात व्यवसायाचे गणितही दिसते. मराठी मुंबईतच मराठी चित्रपटाला पडदा मिळवायला रस्त्यावरची ताकद लागत होती. पडदा मिळाल्यावर तो टिकवला मात्र तिकीट काढणाऱ्यांनी.

हे प्रेक्षक कोण होते? गणेशपुरीहून अंबाडीमार्गे भिवंडीत शिरताना यंत्रमागांची खडखड कानावर येते, तेव्हा त्याचे उत्तर सापडते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. त्यानंतर गिरणगाव सावरले नाही आणि कापडाचे कितीतरी काम भिवंडीच्या मागांवर आले. दादांचा प्रेक्षक त्या संपाआधीचा: पाळी संपवून येणारा, गावाकडे पैसे धाडणारा, जत्रेला रजा टाकणारा. शहरात राहूनही त्याच्या कानात हलगी वाजत होती. दादांनी त्याच्यासाठी फड चित्रपटगृहात आणला.

पुढे एकामागून एक चित्रपट आले: ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), आणि १९७५ चा ‘पांडू हवालदार’, ज्यातून दादा दिग्दर्शक झाले आणि अशोक सराफ घराघरात पोचले. मग ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची नोंद गिनीज बुकात झाली, असे नेहमी सांगितले जाते. मला त्यामागची रचना अधिक मोलाची वाटते. नायिका बहुतेकदा उषा चव्हाण, आई रत्नमाला, आवाज महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकरांचे, कितीतरी गाणी स्वतः दादांनी लिहिलेली. तमाशाच्या फडासारखीच ही बांधलेली पार्टी होती. ‘पांडू हवालदार’साठी त्यांनी सुरेंद्र आणि विजय पाटील या जोडीला ‘राम-लक्ष्मण’ हे नाव दिले. सुरेंद्र लवकर गेले, पाटलांनी नाव टिकवले आणि १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ची गाणी देशभर वाजली.

द्वयर्थाचा मुद्दा टाळून चालणार नाही. सेन्सॉर आणि दादा यांचा सामना वर्षानुवर्षे चालला. सरळ अर्थ वाक्यात आहे, वाकडा ऐकणाऱ्याच्या मनात, हा त्यांचा बचाव. बतावणीत ही युक्ती जुनीच, आणि ती बहुधा वरच्यांवर, पाटील-कोतवालांवर उलटे. ‘विच्छा’त आणि ‘सोंगाड्या’त तो तोल आहे. उत्तरार्धात, ‘मुका घ्या मुका’ (१९८६) किंवा ‘येऊ का घरात’ (१९९२) यांसारख्या चित्रपटांत, विनोदाचा रोख सत्तेवरून सरकून बाईच्या अंगावर जास्त रेंगाळतो. दादांच्या नावाने नाक मुरडणाऱ्या समीक्षकांनी हा फरक पाहिला नाही. त्यांनी सगळ्यालाच अश्लील म्हटले आणि चाहत्यांनी सगळ्यालाच निरागस. दोघांनीही पाहण्याचे कष्ट वाचवले.

१४ मार्च १९९८ ला दादा गेले. त्यांचे आत्मकथन ‘एकटा जीव’ अनिता पाध्ये यांच्या शब्दांकनातून आले आहे आणि ते भरपूर वाचले गेले. त्यांच्या चित्रपटांकडे मात्र अजून किश्शांच्या पलीकडे फारसे पाहिले जात नाही. तशी सुरुवात करायची तर ‘पिंजरा’ आणि ‘सोंगाड्या’ लागोपाठ पाहावेत. एक वर्षाच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट एकाच फडाबद्दल परस्परविरुद्ध साक्ष देतात. चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर मास्तरची साक्ष ग्राह्य धरली. नाम्याची नोंदवून घेतली, तर तमाशाने किती जणांना बुडवले या हिशेबाशेजारी त्याने किती जणांना भाकर आणि नाव दिले, हाही हिशेब मांडावा लागेल.