हाताला हात : कोपऱ्याची जोडी तुटते तेव्हा

माती ते मॅट : लेखांक आठवा

गेल्या आठवड्यात आपण चढाईपटूच्या दमाविषयी बोललो. त्यावर रोहा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं. मुलगा कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कोपरा खेळतो. यंदा संघाकडून सगळ्यांना मोठी आशा होती आणि पोरं पहिल्याच फेरीत हरून घरी आली. वडील लिहितात, "हीच पोरं गावच्या स्पर्धांमधून ढाली घेऊन येतात. मग कॉलेजची जर्सी चढवली की यांना होतं काय? पुढच्या वर्षी तरी काही आशा धरावी का?" पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

हा प्रश्न एका घरचा नाही. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा या पट्ट्यात कुठल्याही स्टेशनवर उतरा आणि मैलभर चाला, कबड्डीचं मैदान नसलेलं गाव क्वचितच लागेल. भात कापून झालं की गावाबाहेरचा एखादा तुकडा सपाट होतो, माती चाळून पसरतात, पाणी मारतात, रोलर फिरतो, बांबूंना दिवे लागतात. रात्र रात्र सामने चालतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळं गाव मैदानाभोवती बसतं. अशा मातीत वाढलेल्या पोरांचा कॉलेजचा संघ दुबळा पडतो, याचं कारण पोरांच्या अंगातल्या खेळात शोधून सापडायचं नाही. ते आधी कॅलेंडरात शोधावं लागतं.

मातीची कबड्डी पावसाआधी संपते. कॉलेजच्या स्पर्धांना मात्र पावसाळा सरता सरता तोंड लागतं, कारण विद्यापीठाला हिवाळ्यातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी त्याआधी संघ निवडायचा असतो. म्हणजे कॉलेजच्या संघाचा सराव व्हायला हवा तो जून, जुलै, ऑगस्टमध्ये. या तीन महिन्यांत आपल्याकडची पोरं कुठे असतात? जूनच्या शेवटी आणि जुलैत लावणी. घरचं शेत असेल तर पोरगा चिखलात वाकलेला असतो, आणि ते त्याचं कामच आहे. पेणकडे हमरापूर, जोहे, कळवे या गावांत तर हेच महिने गणपतीच्या कारखान्यांचे. तिथे मूर्तींची घाई सुरू झाली की रात्री बारा-एकपर्यंत रंगकाम चालतं. कॉलेजात जाणारी कितीतरी पोरं त्या कमाईतून वर्षाची फी भरतात. रोह्याला धाटावची एमआयडीसी आहे. एखाद्याला कंत्राटावर शिफ्ट मिळाली की संध्याकाळचा सराव सुटलाच. भरीला मैदान ओलं असतं. मग कॉलेजचा संघ पहिल्यांदा सगळा एकत्र दिसतो तो गौरी-गणपती उरकल्यावर, आणि सामना दोन-तीन आठवड्यांवर आलेला असतो.

तेवढ्या दिवसांत चढाई तयार होऊ शकते. चढाई ही एकट्याची विद्या आहे. पोरगा ती लहानपणापासून गावात शिकून आलेला असतो, घराच्या ओट्यावरही पाय चालवून बघू शकतो. बचाव तेवढ्यात तयार होत नाही.

नेमकं काय तयार व्हावं लागतं ते जरा जवळून पाहू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तर चढाईपटूला बोनस मिळू शकतो. त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत ठेवायचा. कोपरारक्षक याच क्षणाची वाट बघत असतो. चढाईपटू एका पायावर असतो, तोल पुढे गेलेला असतो. कोपरा खाली झेप घेतो आणि घोटा धरतो.

प्रेक्षक इथे ओरडतात, "धरला!" पण अजून काहीच झालेलं नसतं. बोनस रेषेपासून मध्यरेषा पावणेपाच मीटरवर आहे. चढाईपटू अंग झोकून देतो, हात लांबवतो, आणि उंच पोरगा आडवा झाला की त्यातले दोन-अडीच मीटर तसेच खातो. उरलेलं अंतर म्हणजे पायाच्या दोन ओढी. कोपरा एकटा असेल तर तो घोट्याला लटकून फरफटत जातो. चढाईपटूचं बोट मध्यरेषेला लागलं की बोनसचा एक गुण, कोपऱ्याला स्पर्शाचा एक गुण, आणि कोपरा मैदानाबाहेर. हे टळतं ते शेजारच्या खेळाडूमुळे. कोपऱ्याचा हात त्याच्या हातात असतो. कोपऱ्याने झेप घेताना तो हात सुटतो, आणि सुटण्याची जाणीव हीच शेजाऱ्याला मिळालेली खूण. त्याने डोळ्यांनी बघून ठरवायचं म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. हात सुटला की त्याचा खांदा चढाईपटूच्या छातीवर आलाच पाहिजे. त्यामागून मधल्यांनी वाट बंद करायची. याला आपण साखळी म्हणतो. हा शब्द फार अचूक आहे, कारण हे सगळं खरोखर हातातून हातात जातं.

ही जाणीव दोन माणसांत यायला माझ्या अनुभवाने एक पूर्ण मोसम लागतो. गावच्या मंडळात ती फुकट मिळते. तिथला उजवा कोपरा आणि त्याच्या शेजारचा बहुतेक वेळा एकाच आळीतले असतात, भाऊ नाहीतर चुलतभाऊ असतात, सातवी-आठवीपासून एकमेकांचा हात धरून उभे असतात. कॉलेजच्या संघात कोपरा एका गावचा, त्याच्या शेजारचा दुसऱ्या गावचा, आणि कदाचित मे महिन्यात दोघं एकमेकांविरुद्ध जीव खाऊन खेळलेले. सात चांगले खेळाडू येतात, साखळी येत नाही. दोन वर्षांत जेमतेम ती बसायला लागते, तोच त्यातला एक तिसऱ्या वर्षातून बाहेर पडतो.

मीही असाच एक कोपरा होतो, डावा. शेवटच्या वर्षी एका गुणाने हरलो, ती चढाई मला अजून दिसते. माझ्या शेजारी त्या वर्षी नवा मुलगा होता. मी झेप घेतली, घोटा हातात आला, आणि तो जागेवरच उभा राहिला. सामन्यानंतर सगळे त्याला बोलले, मीही बोललो. आमचे सर काही बोलले नाहीत. बसमध्ये माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाळा, त्याचा हात तू सरावात किती दिवस धरला होतास?" मी मोजलं. अकरा दिवस. त्याआधीचे दोन महिने मी माझ्या गावच्या पोरांबरोबर खेळत होतो आणि कॉलेजच्या सरावाला दांडी मारत होतो.

रोहेकरांना हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर बघायला मिळालेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये ६६वी वरिष्ठ गट राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा रोह्यात झाली. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं होतं. त्यामुळे रोह्यात गतविजेता आपलाच संघ आणि मैदानही आपलंच. तरीही अंतिम सामना झाला तो रेल्वे आणि सेनादलात, आणि रेल्वे जिंकली. त्या दिवसांत जिल्ह्यात किती हळहळ झाली ते इथल्या लोकांना सांगायला नको. पण अंतिम फेरीतले ते दोन संघ बघा. रेल्वे आणि सेनादलात खेळाडू नोकरीला असतात, वर्षानुवर्षं तिथेच राहतात, शिबिरांत एकत्र असतात. राज्याचा संघ जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून स्पर्धेपुरता एकत्र येतो. अकरा वर्षांनी मिळालेलं अजिंक्यपद एका वर्षात गेलं, यात मला तरी खेळाडूंचा दोष दिसत नाही.

भारतीय संघालाही हा धडा मिळाला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून सुवर्णपदक दुसऱ्या कुणाकडे गेलं नव्हतं. आपल्याकडे चढाईपटूंची रांग होती. इराणकडे साखळी होती, आणि तिच्या डाव्या टोकाला फझल अत्राचली. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने इराणला ३३-२९ हरवून ते सुवर्ण परत आणलं. त्या संघात अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदारही होता.

अस्लमचं नाव निघालं म्हणून पुणेरी पलटणचं उदाहरण देतो. वडिलांच्या प्रश्नाला ते सगळ्यांत जवळचं आहे. प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही मोसमांत, २०१४ आणि २०१५ ला, पुण्याचा संघ तळाला होता. पुढे बरेच चढउतार झाले. मग त्यांनी तरुण पोरांचा एक गट धरला आणि तो मोडू दिला नाही : अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे, बचावात संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. डिसेंबर २०२२ मध्ये हा संघ मुंबईत अंतिम सामना जयपूरकडून हरला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, आता बदला सगळं. त्यांनी गट तसाच ठेवला आणि फक्त रिकामी जागा भरली. ती कोणती? डावा कोपरा. इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

कॉलेजला कोपरा विकत घेता येत नाही, हे खरं. पण हरलेल्या मोसमानंतर कॉलेजात घाईने जे केलं जातं, त्याच्या अगदी उलटं पलटणने केलं एवढं लक्षात घ्या. हरलो की आपण कुठल्या तरी गावचा गाजलेला चढाईपटू प्रवेशासाठी शोधायला निघतो. तो येतो, आठ-दहा गुण आणतो, आणि बचाव तेवढेच गुण देऊन टाकतो. सातही गडी बाद झाले की सात गुण आणि वर लोणाचे दोन, म्हणजे नऊ. एक लोण चढला की दहा गुणांच्या चढाईपटूचा सगळा दिवस फुकट गेला.

कॉलेजच्या सामन्यांतल्या मॅटचं दुखणं वेगळं आहे. मातीत पाय अनवाणी असतो, घाम आणि माती लागून घोटा निसरडा झालेला असतो. त्यामुळे आपली पोरं बोटांनी आवळून, जवळजवळ टाचेत नख रुतवून धरतात. मॅटवर पायात बूट असतो. ती जुनी पकड बुटावर बसते आणि सुटते. हात चार बोटं वर, नडगीच्या खालच्या टोकाला बसवावा लागतो. शिवाय मॅटवर पाय घसरत नाही, रोवला जातो, म्हणून गर्रकन वळणाऱ्याच्या गुडघ्याला इजा होण्याची भीती असते. यासाठी मॅटवर खेळण्याला पर्याय नाही. पेणमध्ये असो की रोह्यात, जिथे छपराखाली मॅट आहे तिथे पावसाळ्यात आठवड्याला दोन सकाळी मिळाल्या तरी फार झालं. संध्याकाळ मागू नका. संध्याकाळ कारखान्याची आणि शिफ्टची आहे.

मुलींच्या संघांना तर उशिराच्या परतीची आणखी एक अडचण असते, आणि तिच्यापायी चांगल्या जोड्या मोडतात. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या. इथल्या मुलींमध्ये तो खेळ आहे. सकाळचा सराव त्यांच्यासाठी मुलांहूनही जास्त गरजेचा आहे. यावर एक स्वतंत्र लेखांक लिहिणार आहे.

तर आता आशेचं. वडिलांना मी फोन केला आणि यंदा गुण किती मिळाले ते न विचारता दोनच गोष्टी विचारल्या. मुलगा कितव्या वर्षाला? दुसऱ्या. त्याच्या शेजारी खेळणारा? कासूचा मुलगा आहे, पहिल्या वर्षाला. म्हणजे उजवी बाजू पुढच्या वर्षी शाबूत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे, तो घेतला तर त्याहून पुढेही टिकेल. डावा कोपरा तिसऱ्या वर्षाला होता, तो गेला. ती जागा जूनमध्येच भरली पाहिजे, आणि चढाईपटूच्या मागे धावण्याआधी भरली पाहिजे. अर्धी साखळी हातात असलेला संघ मी तरी हरलेला धरत नाही. पुढल्या मोसमात हा संघ अजिंक्यपद घेईल असं मी म्हणणार नाही, पण दोन-तीन फेऱ्या सहज काढेल असा माझा अंदाज आहे.

पत्रातली शेवटची ओळ राहिली. "मुलगा म्हणतो, आता मी कॉलेजकडून खेळत नाही, गावाकडूनच खेळेन." फोनवर मी मुलाला बोलावून घेतलं. बराच वेळ तो हं हं करत राहिला. मग मी विचारलं, शेवटची चढाई कशी गेली? तेव्हा तो सलग बोलायला लागला. घोटा पक्का धरला होता, कासूवाला पोचलाही होता, फक्त अर्धं पाऊल मागे.

"अर्धंच?" मी म्हटलं.

"हो सर. अर्धंच. मागच्या वर्षी तर तिथे कोणी नव्हतंच."

मग थोडं थांबून त्याने विचारलं, मॅटवर सकाळी किती वाजता यायचं ते कोणाला भेटून ठरवायचं.