राणीचे उरलेले दिवस

आमच्या पारनेर तालुक्यातल्या शाळेत चौथीत एक मुलगा होता. एकदा तो चार दिवस शाळेत आलाच नाही. म्हणून मी त्याच्या घरी गेले. पाहते तर, हा ओट्यावर राणी कुत्रीजवळ बसलेला!

"बाई, राणीला कॅन्सर झालाय. मी तिला रोज बिस्किटं द्यायचो, म्हणून झाला का?"

नाही रे बाळा! आपल्या शरीरातल्या पेशी ठरावीक बेताने वाढतात. काही पेशी तो बेत मोडून वाढतच सुटतात आणि त्यांची गाठ होते. बिस्किटाने असं होत नाही. आणि हो, राणीला कुरवाळल्याने हा रोग आपल्याला लागत नाही, बरं का.

राणी अकरा वर्षांची. तिच्या सडाजवळची वाटाण्याएवढी गाठ कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती लिंबाएवढी झाल्यावर तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं, तिथून नगरला. एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की रोग फुफ्फुसांत पोचलाय. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

मग करायचं काय? आम्ही एक वही केली. आज राणीने खाल्लं का? पाणी प्यायली का? आपणहून उठली का? तो रोज लिहायचा आणि शाळेतही यायचा. वही पाहून डॉक्टर दुखणं कमी करणारं औषध ठरवायचे. आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या मात्र कुत्र्याला कधीच देऊ नका. त्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

पालकांनो, मुलांना 'ती बरी होईल', 'ती गावाला गेली' असं खोटं सांगू नका. मूल दाराकडे बघत बसतं. वेदना असह्य झाल्या, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देऊ शकतात. त्याबद्दलही मुलाशी स्पष्ट बोला आणि त्याला निरोप घेऊ द्या.

राणी तीन आठवड्यांनी गेली. शेतातल्या लिंबाखाली तिला पुरलं. तो खूप रडला, पण 'माझ्यामुळे झालं' असं पुन्हा म्हणाला नाही.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालयही सुरू झालं. पण पहिली तपासणी तुमच्याच हातात आहे! ज्या कुत्रीची पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया झालेली नसते, तिला सडाजवळ अशा गाठी जास्त होतात. तेव्हा रविवारी अंघोळ घालताना तिच्या पोटावरून हळूच हात फिरवा. वाटाण्याएवढी गाठ लागली, तरी लगेच डॉक्टरांकडे न्या. कराल ना एवढं?