गीताचा व्यापार आणि कवीचा वाटा
२ ऑगस्ट १९५४ रोजी आपले सिल्वासा मुक्त झाले. त्या मुक्तिसंग्रामात संगीतकार सुधीर फडके होते. पुढल्याच वर्षी, १ एप्रिलला, ग. दि. माडगूळकर आणि त्यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. पुढे तबकडी, ध्वनिफीत, सीडी या क्रमाने ते घरोघर पोचले. तेव्हा विकली जाई ती वस्तू. आज मोबाइलवर विकले जाते ते श्रवण. त्याचा पैसा वर्गणीतून वा जाहिरातींतून येतो. त्यामुळे गीतकार-संगीतकारांचा वाटाही दर श्रवणामागे मोजावा लागतो. त्यांचा स्वामित्वधनाचा हक्क कंपन्यांनी लिहून घेऊ नये, अशी तरतूद २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झाली. परंतु नोंदीत कवीचे नावच नसेल, तर वाटा पोचणार कसा? मराठीचा एक जुना अध्यापक म्हणून माझे मागणे एवढेच : गाणे ऐकताना ते कोणी लिहिले, हे अवश्य विचारा.