शनिवारवाड्याला दरवाजे पाच, तुमची तयारी एकाचीच?

टेबलाभोवती बसून पात्रं वठवायची आणि फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, हा 'टेबलटॉप रोलप्लेइंग' खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मुळे (१९७४) तो जगभर पोहोचला. खेळ चालवणारा तो गेम मास्टर. नवख्या गेम मास्टरची सर्वांत मोठी चूक म्हणजे गोष्ट आधीच लिहून ठेवणं.

समजा, खेळाडूंना रात्री शनिवारवाड्यात शिरायचंय. तुम्ही दिल्ली दरवाज्यावरची झटापट रंगवून ठेवलीय आणि ते वळतात गणेश दरवाज्याकडं! 'तो बंद आहे' म्हणत एकेक वाट अडवलीत, की मोबाइल बाहेर येतात. पुढच्या रविवारी चौघांपैकी दोघंच येतात. त्यापेक्षा पहारा कुठं ढिला, पहारेकऱ्यांना काय हवंय, एवढंच ठरवा. लढायचं की लाच द्यायची, हे खेळाडू बघतील.

दुसरी चूक फाशाची. महत्त्वाचं पत्र सापडणं एकाच फाशावर ठेवलं आणि वीस बाजूंच्या त्या फाशावर २ पडले, तर गोष्ट तिथंच अडकते. पत्र सापडू द्या. फासा टाका तो पहारेकऱ्याला चाहूल लागली का, यासाठी.

नियमांवरून वाद झालाच, तर गेम मास्टरनं तिथल्या तिथं निर्णय द्यावा. पुस्तक खेळ संपल्यावर उघडावं.