पहिली भेट सिंहगडावर

जोडीदाराची घरच्यांशी पहिली ओळख करून द्यायचीय? दिवाणखान्यात कांदेपोह्यांसमोर अवघडून बसण्यापेक्षा सिंहगड गाठा. पुण्यापासून साधारण ३० किलोमीटर. गुडघे दुखणाऱ्यांना गाडीरस्ता थेट वर नेतो, बाकीच्यांनी आतकरवाडीतून चढावं. चालताना बोलणं सहज होतं, नजरेला नजर द्यावी लागत नाही.

मी तिला असंच नेलं. तानाजींच्या समाधीपाशी बाबा १६७० ची लढाई सांगत बसले, तिने कल्याण दरवाजाबद्दल विचारलं आणि बाबा खुलले. पिठलं-भाकरी खाताना आईने न विचारता आपल्या मडक्यातलं अर्धं दही तिच्या ताटात वाढलं. तेव्हाच मी निर्धास्त झालो.

रविवारी गडावर फार गर्दी असते. मधला वार निवडा आणि सकाळी लवकर निघा.