पहिल्या भागाचे धाडस

नागपुराहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सेलू तालुक्यात वसलेल्या सिंदी (रेल्वे) सारख्या विदर्भातील लहान गावांत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात व्हिडिओ गेम पोहोचला, तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या अस्सल यंत्राच्या रूपाने नव्हे, तर त्याच्या स्वस्त नकलेच्या रूपाने. टीव्हीला जोडायचा तो खोका, त्यात वरून बसवायची 'कॅसेट' आणि त्या कॅसेटवर छापलेला शेकडो खेळांचा आकडा, ज्याच्या पोटात मोजकेच खेळ पुनःपुन्हा येत, एवढ्यावर एका पिढीने आपल्या सुट्ट्या आनंदाने घालवल्या. ज्या मारिओला ती मुले नव्याने भेटत होती, त्याचा मूळ खेळ १९८५ सालचा असून जपानात त्याचा तिसरा भागही १९८८ सालीच निघून गेला होता, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. खेळांचे पुढचे भाग निघण्याची ही रीत का रूढ झाली आणि तिच्यापुढे स्वतंत्र कल्पनेचा टिकाव कसा लागतो, हा प्रश्न आज आपल्या जिव्हाळ्याचा झाला आहे. कारण या व्यवसायात आता महाराष्ट्रातील एका संस्थेचेही नाव दाखल झालेले आहे.

या रीतीचे मूळ कन्सोलच्या व्यापाराच्या रचनेतच आहे. यंत्र बहुधा अत्यल्प नफ्याने, प्रसंगी तोट्यानेही विकावे, आणि भरपाई खेळांच्या विक्रीतून व इतर निर्मात्यांकडून घ्यावयाच्या सुमारे ३० टक्के दस्तुरीतून करावी, असा या धंद्याचा शिरस्ता आहे. म्हणजे यंत्र घरात यावयाचे ते खेळासाठी, आणि ज्याची ख्याती आधीच झाली आहे असा खेळ गिऱ्हाइकाला सर्वांत लवकर खेचून आणतो. शिवाय १९८३ साली अमेरिकेत निकृष्ट खेळांचा सुळसुळाट होऊन सारी बाजारपेठ कोसळली, तेव्हापासून ओळखीच्या नावाला हमीपत्राचे मोल आले.

नावाचे हे सामर्थ्य किती असते, हे मारिओच्याच इतिहासात दिसते. जपानात १९८६ साली निघालेला त्याचा दुसरा भाग अमेरिकी खेळाडूंना फार कठीण जाईल असे वाटल्यावरून निन्टेन्डोने तो तिकडे पाठवलाच नाही. त्याऐवजी 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा १९८७ सालचा एक सर्वस्वी निराळा खेळ घेऊन, त्यातील पात्रांच्या जागी मारिओ व त्याचे सोबती बसवून, १९८८ साली तोच 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला. बाजारात नाव खपले हे खरे, पण त्या नावाच्या आश्रयाने एक स्वतंत्र कल्पनाही जगली आणि तिच्यातील काही पात्रे पुढे मारिओच्या कुटुंबातच कायमची सामावली. पुढचा भाग आणि नवी कृती यांचे नाते केवळ वैराचे मानू नये, ते यासाठी.

तथापि निर्मितीचा खर्च जसजसा वाढत गेला, तसतसे या नात्यातील पारडे नावाच्याच बाजूला झुकत गेले. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पाचवा भाग २०१३ साली आला, त्याने अवघ्या तीन दिवसांत १ अब्ज डॉलरची विक्री केली, आणि सहाव्या भागाच्या प्रतीक्षेत जगाने एक तपाहून अधिक काळ काढला. याउलट सोनीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणलेला 'कॉन्कॉर्ड' हा नवा खेळ दोन आठवड्यांतच बंद करून ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. अशा अनुभवांनंतर भांडवलदाराने ओळखीच्या वाटेनेच जावे, यात नवल नाही. परंतु त्यापुढच्याच वर्षी फ्रान्समधील माँपेलिए येथील एका तरुण संस्थेने 'क्लेअर ऑब्स्क्युर' हा आपला पहिलाच खेळ आणून वर्षातील सर्वोत्तम खेळाचा बहुमान मिळवला. तेव्हा नवतेचा मार्ग धोक्याचा असला, तरी तो बंद झालेला नाही.

भारतात या सावधपणाला आणखी एक कारण आहे, ते किमतीचे. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००६ सालच्या सप्टेंबरात येथे रीतसर दाखल झाले ते २३,९९० रुपयांना, आणि प्लेस्टेशन ५ हे २०२१ सालच्या फेब्रुवारीत ४९,९९० रुपयांना. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कन्सोलवरील आयात जकात १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेली. वस्तू व सेवा कर मात्र १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. यंत्रामागोमाग येणारा एकेक मोठा खेळही पाच हजारांच्या घरात जातो. कापसाच्या एका हंगामावर वर्षाचा हिशेब बेतणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील घराने एवढी रक्कम खर्चण्याचे मनावर घेतलेच, तर ते अनोळखी खेळावर खर्चणार नाही. ज्याचा आधीचा भाग मुलाने मित्राच्या घरी खेळलेला आहे, त्याचाच पुढचा भाग ते निवडणार. अशा रीतीने विकणाऱ्याचे भय आणि घेणाऱ्याची काटकसर ही दोन्ही एकाच दिशेने ओढतात, आणि नव्या कृतीच्या वाट्याला उरते ती अरुंद जागा.

त्या अरुंद जागेत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने पाऊल रोवले, हे मला अतिशय मोलाचे वाटते. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी २०१७ साली उभारलेल्या या लहानशा संस्थेने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ रचावयास घेतला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवण्यासाठी निघालेली राजी ही त्याची नायिका. तिच्यावर दुर्गेचा वरदहस्त आहे, कथा विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादातून उलगडते, वास्तू राजस्थानी वळणाच्या आहेत आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखवलेले आहेत. लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा २०१७ च्या अखेरीचा यत्न फसला. किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर ठरलेली रक्कम जमली नाही. तरीही काम सोडले गेले नाही, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी तो खेळ प्रथम निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर, व ऑक्टोबरात प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर प्रकाशित झाला. त्याच वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकन लाभले. ज्या स्विचवर पुण्याची ही कृती प्रथम अवतरली, ते यंत्र निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकावयास आणलेच नव्हते, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे: कथा आपली, कारागिरी आपली, परंतु पहिला ग्राहक परदेशी.

२०२५ च्या नोव्हेंबरात याच संस्थेने 'राजी : कलियुग' हा पुढचा भाग जाहीर केला, आणि आपल्याकडील एखाद्या स्वतंत्र कृतीला पुढचा भाग निघण्याइतके आयुष्य लाभले याचा आनंद मानावयास हवा. पुढच्या भागाची निंदा करणारे एक विसरतात की, दुसरा भाग काढण्याचा अधिकार पहिल्याने कमवावा लागतो, आणि तो कमावताना कोणीतरी अपयशाची जोखीम स्वतःच्या शिरावर घेतलेली असते. दोष आहे तो दुसऱ्या भागांवरच जगू पाहणाऱ्या बाजाराचा, कारण पहिले भाग आटले की दुसरे कशाचे काढावयाचे, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

आपल्याकडे पहिल्या भागांची सामग्री विपुल आहे. सिंदी (रेल्वे) चा तान्हा पोळा विदर्भात नावाजलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून, झडत्या, म्हणजे पोळ्याची पारंपरिक पद्ये, म्हणत, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ वा पैसे, मागत फिरणारी मुले हा एक संपूर्ण खेळच आहे: त्यात नायक आहे, वाहन आहे, वाट आहे, पारितोषिक आहे. अशा विषयावर कोणी वर्ध्याच्या वा नागपूरच्या तरुणाने खेळ रचला, तर कन्सोलच्या जागतिक बाजारात त्याला पूर्वीचे नाव असणार नाही. म्हणूनच त्याला महाविद्यालयांतून शिक्षण मिळावे, प्रारंभीच्या खर्चाला शासनाचे वा उद्योजकांचे अर्थसाहाय्य मिळावे, आणि आपण पालकांनी व ग्राहकांनीही वर्षाकाठी एक तरी अनोळखी, आपल्या मातीतला खेळ जाणीवपूर्वक विकत घ्यावा. पहिल्या भागाला पहिला ग्राहक आपल्याच घरातला मिळाला, तर दुसऱ्या भागाची चिंता बाजार आपणहून वाहील.